परतीच्या पावसात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज कसा वाचावा

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की महाराष्ट्रात हवामानाचा अंदाज विचारणाऱ्यांची संख्या वाढते आणि अंदाजावर चिडणाऱ्यांचीही. जुलैमध्ये पाऊस येणार हे गृहीतच असते. तो किती येणार एवढाच प्रश्न असतो. परंतु सोयाबीन सोंगणीला म्हणजे कापणीला आलेले आहे, कोकणात लवकर तयार होणारे हळवे भात पिवळे पडले आहे, नाशिक-सांगलीकडे द्राक्षबागांच्या छाटणीच्या तारखा ठरायच्या आहेत आणि शहरांत नवरात्राचे मांडव उभे राहत आहेत, अशा दिवसांत प्रत्येकाला ‘मंगळवारी पाऊस आहे का’ याचे होय किंवा नाही असे उत्तर हवे असते. या हंगामात ते उत्तर पाच दिवस आधी मिळत नाही. जे मिळते ते तीन थरांत मिळते: आठवड्याचा कल, दिवसाचा इशारा आणि पुढच्या दोन-तीन तासांचे चित्र. यांपैकी कोणत्या थरावर कोणता निर्णय सोपवायचा हे ठरवता आले, तर हाच अंदाज बराच उपयोगी पडतो.

आधी या पावसाचा स्वभाव

नैऋत्य मोसमी पाऊस पश्चिम राजस्थानातून परतायला लागण्याची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर आहे. २०२० पूर्वी ती १ सप्टेंबर धरली जात असे. नंतरच्या दशकांच्या नोंदी पाहून हवामान विभागाने ती पुढे नेली. मुंबईतून परतण्याची सर्वसाधारण तारीख आता ८ ऑक्टोबर आहे आणि १५ ऑक्टोबरच्या सुमारास तो देशातून बाहेर पडलेला असतो. प्रत्यक्षात यात मोठा फरक पडतो. २०१९ साली परतीचा प्रवास सुरू व्हायलाच ९ ऑक्टोबर उजाडला होता, तर २०२५ साली तो १४ सप्टेंबरलाच सुरू झाला. वायव्य भारतातून माघार जाहीर करण्यासाठी सलग पाच दिवस पाऊस नसणे, हवेच्या खालच्या थरात प्रतिचक्रवाती (जास्त दाबाच्या केंद्राभोवती बाहेरच्या दिशेने फिरणारे, कोरडे) वारे स्थिरावणे आणि हवेतील बाष्प स्पष्टपणे घटणे या तीन गोष्टी पाहिल्या जातात. त्यामुळे ‘मान्सून राजस्थानातून परतू लागला’ ही बातमी वाचून लातूरच्या किंवा सोलापूरच्या शेतकऱ्याने सोंगणी काढण्यात अर्थ नसतो. त्याच्या भागातला धोका बहुधा त्यानंतरच सुरू होतो.

याचे कारण असे की पश्चिमेकडून येणारा बाष्पाचा सलग प्रवाह या काळात मंदावतो, दिवसभराचे मळभ निवळते आणि ऊन थेट जमिनीवर पडते. जमिनीत मात्र चार महिन्यांची ओल असते. दुपारपर्यंत तापलेली दमट हवा वर चढते, वरच्या थरात आता पूर्वेकडून येऊ लागलेली तुलनेने कोरडी हवा असते, आणि या दोहोंच्या मेळातून तीन-चार वाजता उंच गडगडाटी ढग तयार होतात. असा एक ढग पाच-दहा किलोमीटरच्या पट्ट्यात अर्धा-पाऊण तास कोसळतो आणि विरतो. एका गावात बांध फुटतात आणि शेजारच्या गावात धूळही बसत नाही, हे याच काळात घडते. म्हणूनच जिल्ह्याच्या अंदाजाकडे जुलैच्या नजरेने पाहून चालत नाही.

जुन्या लोकांना हे पंचांगातून माहीत होते. २७ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात जातो आणि तिथून चित्रा लागेपर्यंतचा पाऊस म्हणजे हत्तीचा पाऊस. तो गडगडाटासह, सोंडेने ओतल्यासारखा येतो, असे सांगितले जाते. नक्षत्रे सूर्याच्या गतीवर ठरत असल्याने या तारखा दरवर्षी जवळपास त्याच राहतात आणि हंगामाचा स्वभाव म्हणून हे निरीक्षण चांगलेच आहे. मात्र अमुक नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की म्हैस, यावरून येत्या गुरुवारची सोंगणी ठरवता येत नाही.

पत्रकातले शब्द

महाराष्ट्रासाठी हवामान विभाग चार उपविभाग मानतो: कोकण आणि गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. पहिल्या तिन्हींचा अंदाज मुंबईच्या प्रादेशिक केंद्रातून येतो, विदर्भाचा नागपूरहून. ‘मध्य महाराष्ट्र’ हा शब्द फसवा आहे, कारण त्यात नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंतचे आणि सोलापूरपर्यंतचे जिल्हे येतात. दूरचित्रवाणीवर ‘मध्य महाराष्ट्रात पावसाची शक्यता’ असे ऐकून जळगावकराने आणि सांगोलेकराने एकच निष्कर्ष काढू नये. उपविभागाचे वाक्य सोडून थेट जिल्हानिहाय तक्ता उघडावा आणि पुणे, सातारा, कोल्हापूर किंवा नाशिक जिल्ह्यात राहत असल्यास घाटमाथ्याचा अंदाज वेगळा दिला आहे का ते पाहावे. लोणावळ्यासाठी दिलेला इशारा बारामतीला लागू नसतो.

तक्त्यातले ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ हे शब्द वाचक सहसा गुळमुळीत समजून सोडून देतात. हे शब्द मोजून वापरलेले असतात. तुरळक म्हणजे त्या क्षेत्रातील एकूण पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५० टक्के. बऱ्याच ठिकाणी म्हणजे ५१ ते ७५ टक्के. आणि बहुतांश ठिकाणी म्हणजे त्याहून अधिक. परतीच्या पावसाच्या दिवसांत ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ असे लिहिलेले असेल, तर आपल्या गावी कोरडे राहण्याची शक्यता पडण्याच्या शक्यतेहून बरीच अधिक आहे, असा त्याचा सरळ अर्थ घ्यावा. तोच शब्द ‘तुरळक’वरून ‘बऱ्याच ठिकाणी’वर गेला, तर हवेत काहीतरी मोठे घडते आहे आणि आता बेत बदलायला हवा हे ओळखावे. माझ्या मते रंगांकडे पाहण्याआधी हा एक शब्द पाहावा. त्यात अधिक माहिती असते.

पावसाच्या जोराचेही आकडे ठरलेले आहेत. चोवीस तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजे २५ मिलिमीटरची एक सर एका एकरावर लाखभर लिटर पाणी ओतून जाते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हे सारे आकडे चोवीस तासांचे आहेत आणि परतीचा पाऊस चोवीस तास पडत नाही. जुलैत दिवसभर रिमझिमत पडलेले ४० मिलिमीटर जमीन मुकाट्याने पिऊन टाकते. तेवढेच ४० मिलिमीटर ऑक्टोबरमध्ये चाळीस मिनिटांत पडले, तर ते शेतातल्या सऱ्यांतून वाहते, कापून ठेवलेले पीक वाहून नेते आणि शहरात भुयारी मार्ग भरून टाकते. कागदावर मात्र दोन्हींची नोंद ‘मध्यम पाऊस’ अशीच होते. तेव्हा या दिवसांत ‘मध्यम’ हा शब्द ‘मेघगर्जनेसह’ या शब्दाच्या शेजारी आला, तर त्याला मध्यम समजू नये. उलट बाजूने, जोराच्या प्रत्येक सरीला ढगफुटी म्हणण्याची जी सवय बातम्यांना लागली आहे तीही सोडून द्यावी. ढगफुटी म्हणजे लहानशा क्षेत्रावर तासाभरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस, आणि तो फार क्वचित होतो.

आणखी एक तांत्रिक बाब पुष्कळ गैरसमज टाळते. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. मंगळवारसाठी दिलेला इशारा बुधवारच्या सकाळपर्यंत चालू असतो, त्यामुळे मंगळवारची संध्याकाळ कोरडी गेली म्हणून तो चुकला असे ठरवण्याची घाई करू नये. तसेच ३ ऑक्टोबरच्या रात्री पडलेला पाऊस ४ ऑक्टोबरच्या नोंदीत दिसतो.

रंगांविषयी थोडेच सांगायला हवे. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष असू द्या. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. हिरवा म्हणजे कोरडे हवामान असे नव्हे, इशारा देण्याजोगे काही दिसत नाही इतकेच. विजांसह पाऊस आणि ताशी ४० ते ५० किलोमीटरचा वारा यासाठी बहुधा पिवळा रंग येतो, त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात नकाशा दिवसेंदिवस पिवळा दिसू शकतो. म्हणून त्याकडे काणाडोळा करण्याची सवय लागते, आणि वीज पडून माणसे व जनावरे दगावतात ती बहुधा अशाच ‘नुसत्या पिवळ्या’ दिवशी.

पहिला थर: बंगालच्या उपसागराकडे डोळा

पाच दिवसांचा अंदाज उघडल्यावर सर्वांत आधी पाहायचे ते आपल्या जिल्ह्याचे चित्र नव्हे. आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यासमोर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आहे का, किंवा होण्याची शक्यता वर्तवली आहे का, हे आधी पाहावे. स्थानिक दुपारचा गडगडाट आणि उपसागरातून चालत आलेली प्रणाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा पाच दिवस आधी ठावठिकाणा लागत नाही. दुसरीचा चांगला लागतो.

दोन उदाहरणे पाहिली तर वेळेचा हिशोब कळतो. २०२० साली १३ ऑक्टोबरला सकाळी एक अतितीव्र कमी दाबाचे क्षेत्र काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आले, तेलंगणातून पश्चिमेकडे सरकले, आणि १४ ऑक्टोबरला सोलापूर, पंढरपूर व पुणे या पट्ट्यात त्याने हाहाकार केला. २०२१ साली ‘गुलाब’ हे चक्रीवादळ २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी उत्तर आंध्रच्या किनाऱ्यावर आले आणि त्याच्या अवशेषांनी २७ व २८ सप्टेंबरला मराठवाडा धुऊन काढला. पुढे तेच अवशेष अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ या नव्या वादळात रूपांतरित झाले. म्हणजे पूर्व किनाऱ्यावर येण्यापासून मराठवाडा-सोलापूरपर्यंत पोहोचायला साधारण एक ते दीड दिवस लागला, आणि किनाऱ्यावर येण्याआधी समुद्रात ती प्रणाली दोन-तीन दिवस नकाशावर दिसत होती. हे तीन-चार दिवस तयार पीक काढून, मळून, झाकून ठेवायला पुरतात. मात्र त्यासाठी आपल्याकडे आभाळ निळेभोर असताना विशाखापट्टणमची बातमी वाचायला हवी.

यापलीकडचा कल हवा असल्यास हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यात आठवड्याचा पाऊस सरासरीहून अधिक की कमी एवढेच सांगितलेले असते आणि तेवढेच सांगता येते. समाजमाध्यमांवर फिरणारे ‘५ ते ८ पाऊस, ९ ते १२ उघडीप, १३ पासून पुन्हा पाऊस’ असे महिनाभराचे तारीखवार तक्ते कितीही आत्मविश्वासाने लिहिलेले असले, तरी दहा दिवसांपुढची विशिष्ट तारीख सांगण्याची क्षमता आज जगातल्या हवामानाच्या कोणत्याही प्रारूपात, म्हणजे संगणकावर मांडलेल्या गणितात, नाही. असा तक्ता बरोबर आला तर लोक तो लक्षात ठेवतात आणि चुकला तर विसरतात, एवढ्यावरच त्याची ख्याती टिकून असते.

दुसरा थर: दिवसाचा बेत

फोनमधील हवामानाची चित्रे पाहताना त्यांच्यामागे काय आहे ते जाणून घ्यावे. जगभरची प्रारूपे पृथ्वीचे चौकोनी तुकडे करून गणित मांडतात. युरोपीय केंद्राच्या प्रमुख प्रारूपात हा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा आहे, तर भारताने मे २०२५ मध्ये सुरू केलेल्या प्रारूपात ६ किलोमीटरचा. परतीच्या पावसाचा एकेक ढग जवळपास याच मापाचा असतो, त्यामुळे तो नेमका कोणत्या चौकोनात उगवेल हे आदल्या दिवशी सांगणे प्रारूपाच्या आवाक्याबाहेर असते. तरीही ॲप ‘दुपारी ४ वाजता पाऊस, ६० टक्के’ असे ठामपणे दाखवते. हा चारचा आकडा घड्याळाचा समजू नये. ‘दुपारनंतर’ असे वाचावे. साठ टक्के म्हणजे अशा दहा दिवसांपैकी सहा दिवस आपल्याकडे पाऊस होईल, असा अर्थ घ्यावा. दिवसातला साठ टक्के वेळ पाऊस पडेल असा नव्हे. दोन वेगळी ॲप पाहून दोन्हींत सलग दोन दिवस तेच चित्र राहिले, तर विश्वास वाढवावा. रोज चित्र पालटत असेल, तर प्रारूपालाच अजून ठरवता आलेले नाही.

सकाळी पाहण्याजोगा एक आकडा दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतले बाष्प दव होऊन साचू लागते त्याचा, आहे. तो जितका जास्त तितके हवेत बाष्प जास्त. पठारावर तो २० अंशांच्या आसपास किंवा वर टिकून असेल, दहा वाजताच अंगाला चिकचिक जाणवत असेल आणि वारा पडलेला असेल, तर दुपारी गडगडाटाला लागणारा कच्चा माल हजर आहे असे समजावे. तो १५ अंशांच्या खाली उतरून तिथेच राहू लागला, तर कोरडी हवा आत शिरली आहे. सकाळच्या मळभाचा अर्थ मात्र संदर्भाने बदलतो. उपसागरात काही नसताना सकाळी ढग असतील, तर जमीन कमी तापते आणि दुपारचा जोर बहुधा ओसरतो. उपसागरातली प्रणाली जवळ येत असताना आलेले मळभ हे लांबलेल्या पावसाची सुरुवात असते.

शेतीच्या कामांत याचा वापर कसा करायचा ते पिकागणिक बदलते. सोयाबीन कापल्यावर दोन-तीन दिवस उन्हात वाळावे लागते आणि मग गंजी किंवा थेट मळणी होते, म्हणून सलग तीन दिवसांची उघडीप शोधायची असते. तिन्ही दिवस कोरडे दाखवले असतील आणि उपसागर शांत असेल, तर बिनधास्त सोंगणी काढावी. ‘तुरळक’ पाऊस आणि पिवळा रंग असेल, तर काम थांबवण्याचे कारण नाही, पण एका दिवसात जेवढे गोळा करून झाकता येईल तेवढेच कापावे, दुपारी दोनच्या आत ढिगाला लागावे, आणि गंजी बांधाकडच्या उंच जागेवर, खाली-वर ताडपत्री घालून, कडेने पाण्याला चर काढून रचावी. बरेच जण वरून ताडपत्री चोख बांधतात आणि खालून पाणी शिरते. तिसरी शक्यता अशी की शेंगा पक्व आहेत आणि तीन दिवसांनी मोठी प्रणाली येते आहे. तेव्हा मजुरी थोडी अधिक गेली तरी पीक घरात आणलेले बरे, कारण भिजून उभ्या राहिलेल्या शेंगांतले दाणे कोंबारतात. कोकणात कापलेले भात शेतातच सुकायला ठेवण्याची पद्धत आहे. परतीच्या दिवसांत ते संध्याकाळच्या आत आडोशाला न्यावे, कारण तिकडचा गडगडाट सूर्य कलल्यावर घाटावरून खाली उतरतो. फवारणी सकाळी लवकर उरकावी, म्हणजे दुपारच्या सरीपूर्वी औषधाला पानावर काही तास मिळतात.

द्राक्षाचा प्रश्न वेगळाच आहे. फळछाटणीनंतर पोंगा अवस्थेत (डोळे फुटून कोवळे कोंब येताना) आणि पुढे फुलोऱ्यात पाऊस झाला, तर डाऊनी हा बुरशीजन्य रोग आणि घडांची गळकूज यांचा त्रास होतो. पण फुलोरा छाटणीनंतर महिन्याहून अधिक काळाने येतो, आणि त्या वेळच्या हवामानाचा अंदाज छाटणीच्या दिवशी कोणीच देऊ शकत नाही. त्यामुळे अनुभवी बागायतदार सगळी बाग एका तारखेला न छाटता टप्प्याटप्प्याने छाटतात, तेच शहाणपणाचे आहे. ‘मेघदूत’ या ॲपवर आणि जिल्ह्याच्या कृषी हवामान पत्रकात दर मंगळवारी व शुक्रवारी पीकनिहाय सल्ला येतो, तो वाचायला दोन मिनिटे लागतात.

शहरात राहणाऱ्यांसाठी या थराचा अर्थ सोपा आहे: जी कामे हलवता येतात ती दुपारी दोनच्या आत करावीत. कार्यालय सुटण्याची वेळ आणि गडगडाटाची वेळ या हंगामात नेमकी एकावर एक येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सप्टेंबरअखेर धरणे भरलेली असतात, त्यामुळे पाणलोटात पडलेला थोडा पाऊसही थेट नदीत सोडावा लागतो. आपल्या डोक्यावर पाऊस नसतानाही नदीकाठी पूर येतो. २०२५च्या सप्टेंबरअखेरीस सीना नदीच्या पुराने सोलापूर व धाराशिव जिल्ह्यांतली गावे वेढली. नदीकाठच्या माणसाने म्हणूनच पावसाच्या अंदाजाबरोबर वरच्या धरणाच्या विसर्गाचा आकडाही रोज पाहावा. ओढ्याकाठची वस्ती तर त्याहून अवघड जागी असते, कारण ओढ्याला विसर्गाची पूर्वसूचना नसते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात काही तासांच्या पावसाने आंबिल ओढ्याला जो पूर आला, त्या पावसात वीसहून अधिक माणसे गेली.

तिसरा थर: दुपारी दोननंतर

दुपारी दोन वाजता अंदाज बंद करावा आणि रडार उघडावे. मुंबई, नागपूर, गोवा येथील डॉप्लर रडारची चित्रे हवामान विभागाच्या संकेतस्थळावर थोड्या-थोड्या वेळाने बदलत असतात. निळ्या-हिरव्या छटा हलक्या पावसाच्या, पिवळ्या-नारिंगी जोराच्या आणि लाल फारच जोराच्या, असे ढोबळमानाने समजावे. एकच चित्र पाहून काही कळत नाही. मागच्या तासाभराची चित्रे ओळीने पाहावीत आणि ठिपके कोणत्या दिशेला सरकत आहेत ते टिपावे. जून ते ऑगस्टमध्ये ढग समुद्राकडून येतात. परतीच्या काळात ते बहुधा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून पश्चिमेला जातात, आणि वर्षभर पश्चिमेकडे पाहून पावसाचा अंदाज बांधणारा माणूस येथेच चकतो. मुंबईकराने कर्जत-बदलापूरकडे पाहावे, पुणेकराने दौंड-यवतकडे.

समजा साडेतीन वाजता दौंडवर लाल ठिपका आहे आणि तो ताशी पंचवीस किलोमीटरने पश्चिमेला सरकतो आहे. पुणे तिथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आहे, म्हणजे तो साडेसहाला पुण्यात, असा सरळ हिशोब अनेक जण करतात. तसे सहसा होत नाही, कारण एकेका ढगाचे आयुष्य तासाभराच्या आतबाहेर असते. मरता मरता तो थंड हवेचा लोट खाली सोडतो, तो लोट जमिनीलगत पुढे पसरतो, आणि वाटेतली उष्ण दमट हवा उचलून नवा ढग उभा करतो. त्यामुळे ठिपके उड्या मारत पुढे येतात; मधली गावे कोरडी राहतात आणि पुढची भिजतात. रडारवर नव्या ठिपक्यांची ओळ सलग वाढताना दिसली तर सावध व्हावे. एकटा ठिपका फिका पडत चालला असेल, तर अर्धा तास थांबून पुन्हा पाहावे. दूरच्या जिल्ह्यांत रडारची किरणे ढगाच्या माथ्यावरून जातात आणि सह्याद्रीच्या आड काही भाग झाकला जातो, म्हणून तिथे उपग्रहाचे चित्र आणि डोक्यावरचे आभाळ यांचाच आधार घ्यावा. दर तीन तासांचा तात्कालिक इशाराही जिल्हानिहाय येतो. तो या थरातला सर्वांत भरवशाचा कागद आहे.

आभाळ पाहायचे तर बारा ते दोनच्या दरम्यान पाहावे. कोबीच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग रुंदीपेक्षा उंचीत भराभर वाढत असतील, कडा ठसठशीत असतील, तर ते जिवंत आहेत. माथा सपाट होऊन एका बाजूला पांढुरका पदर पसरला की तो ढग पक्का झाला आणि त्याच्या खाली कोठेतरी पाऊस सुरू आहे. यानंतर अचानक वारा पडतो, मग उलट दिशेने थंड झोत येतो, त्यात ओल्या मातीचा वास असतो. या झोतानंतर पाऊस सहसा दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर असतो; तोपर्यंत ताडपत्रीची शेवटची दोरी बांधून झालेली असावी आणि माणसे शेतातून निघालेली असावीत.

विजेच्या बाबतीत तडजोड नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने बनवलेले ‘दामिनी’ ॲप आपल्याभोवती २० ते ४० किलोमीटरच्या परिघात कोसळणाऱ्या विजा दाखवते. ते नसेल तर लखलखाट आणि गडगडाट यांतले सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. अंतर तीस सेकंदांच्या आत आले की पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडखाली, विहिरीजवळ थांबू नये. उघड्या रानात अडकल्यास पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे होऊ नये.

आपली नोंद, आणि ताडपत्री कधी गुंडाळावी

उभ्या सरळ कडांचा एखादा डबा मोकळ्या जागेत, झाड व भिंतीपासून दूर ठेवून रोज सकाळी साडेआठला त्यातले पाणी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावे आणि वहीत लिहावे. महिनाभरात आपले गाव महसूल मंडळाच्या (काही गावांच्या सरकारी गटाच्या) आकड्यापेक्षा कोणत्या वाऱ्याला जास्त भिजते, कोणत्या वाऱ्याला कोरडे राहते, हे कळू लागते. शासकीय मदतीसाठी मात्र महसूल मंडळाच्या केंद्रावरचीच नोंद धरतात. तिथे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची पातळी ओलांडली की अतिवृष्टी मानली जाते. त्यामुळे नुकसान झाल्यास आपल्या वहीबरोबर मंडळाचा त्या तारखेचा आकडाही पाहून ठेवावा, आणि तो पाहताना साडेआठचा नियम लक्षात ठेवून पुढच्या दिवसाची तारीख तपासावी.

हवा खरोखर बदलली की वारा उत्तर-ईशान्येचा होतो, पहाटे गवतावर दव दिसते, दुपारचे ढग लहान व विरविरीत राहतात आणि दवबिंदूचा आकडा रोज थोडा उतरतो. ही चार लक्षणे सलग चार-पाच दिवस टिकली, हवामान विभागाने आपल्या भागातून माघार जाहीर केली आणि दोन्ही समुद्रांत काही नसले, तर ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीचा वाफसा, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल आहे का ते, पाहायला हरकत नाही. ‘दोन्ही समुद्रांत’ असे म्हणण्याचे कारण २०१९ चे आहे. त्या वर्षी माघारीनंतर ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि त्यामागोमाग ‘महा’ ही वादळे आली, ती किनाऱ्यापासून दूर राहूनही कापणीला आलेले भात आणि छाटलेल्या द्राक्षबागा राज्यभर भिजून सडल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा चक्रीवादळांचाच हंगाम असल्याने नोव्हेंबरचा पहिला आठवडा उलटेपर्यंत गुरुवारचा विस्तारित अंदाज वाचत राहावा, आणि मळणी झालेली नसेल तर ताडपत्री खळ्यावरच राहू द्यावी.